ट्रॅप कॅमेऱ्याच्या (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या) फ्लॅशने हरणं बुजतात का? (ठाण्याजवळ येऊरला कुंपणावर लावायचा आहे)

पांढऱ्या फ्लॅशने बुजतात, इन्फ्रारेडने सहसा नाही. हरणांना तांबडा रंग जेमतेम दिसतो, त्यामुळे ८५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या इन्फ्रारेडवाल्या कॅमेऱ्याचे मंद लाल ठिपके आपल्याला दिसले तरी चितळ-सांबर फार तर मान वर करून बघतात आणि परत चरायला लागतात. पांढऱ्या झोताचं तसं नाही. हरणाच्या डोळ्यात प्रकाश परतवणारा थर असतो (टॉर्च मारल्यावर डोळे चमकतात ना, तोच), रात्री बाहुल्याही मोठ्या झालेल्या, त्यामुळे लख्ख उजेड पडला की दचकणारच. बिबट्याच्या अंगावरचे ठिपके स्पष्ट यावेत म्हणून अभ्यासक तो वापरतात, तुम्हाला काही गरज नाही. ९४० नॅनोमीटरचा ‘नो ग्लो’ (लाल ठिपकेही न दिसणारा) घ्या. पल्ला थोडा कमी मिळतो, पण चोरांच्याही नजरेत येत नाही, आणि येऊरच्या वाटेवर ते जास्त महत्त्वाचं!

फक्त एक: फ्लॅश न दिसताही प्राणी कॅमेऱ्याकडे रोखून बघतात. बऱ्याचदा ती आतल्या फिल्टरची बारीक ‘टक्’ असते, नाहीतर हाताचा वास. आणि कॅमेरा कुंपणाच्या आतच ठेवा, शेजारच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत वनविभागाची परवानगी लागते.