नोट्स तुमच्या, पुस्तिकेवर नाव विभागप्रमुखांचं

प्रश्न : मी सांगली जिल्ह्यातल्या एका अनुदानित महाविद्यालयात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवते. प्रथम वर्षाचा लेखनकौशल्याचा पेपर माझ्याकडे आहे. अर्ज, इतिवृत्त, सारांश, बातमी यांच्या नोट्स मी घरी बसून तयार केल्या. त्यात विद्यार्थ्यांनी लिहिलेले काही परिच्छेदही घेतले. विभागप्रमुखांनी मागितली म्हणून फाइल दिली. यंदा त्याचीच पुस्तिका छापून मुलांना विकली जातेय आणि लेखक म्हणून नाव त्यांचं आहे. विचारलं तर म्हणतात, मानधन कॉलेज देतं, मग नोट्सही कॉलेजच्या. आता ‘माझा कोणताही हक्क नाही’ अशा पत्रावर माझी सही हवी आहे. नाही केली तर जूनमध्ये पुन्हा नेमणुकीची ऑर्डर मिळणार नाही, ही धास्ती आहे. पाच महिन्यांचं मानधनही थकलंय. काय करू?

उत्तर : ताई, त्या पत्रावर सही करू नका. बाकीचं सगळं त्यानंतर.

कॉपीराइट कायदा १९५७च्या कलम १९प्रमाणे लेखकाचा हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी कागद आणि लेखकाची सही लागते. तोंडी बोलण्यानं किंवा फाइल हातात दिल्यानं तो जात नाही. तुमच्याकडे पत्र का मागतायत, ते यावरून लक्षात येईल.

कॉलेजचा आधार कलम १७(सी) असणार. नोकरीच्या करारात, नोकरीचा भाग म्हणून लिहिलेलं मालकाचं होतं, असं ते कलम सांगतं. पूर्णवेळ प्राध्यापकाच्या बाबतीत हा वाद खरोखर अवघड होतो. तुमची बाजू मला बरीच भक्कम वाटते. तुम्हाला वर्गात घेतलेल्या तासाचे पैसे मिळतात, पुस्तक लिहिण्याचे नाही. लंडन विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकांवरून १९१६ साली असाच वाद झाला होता. कामापुरते नेमलेले परीक्षक हे विद्यापीठाचे नोकर नव्हेत, प्रश्नपत्रिकांचे मूळ हक्क त्यांचेच, असं न्यायालयानं ठरवलं. तरीही तुमची नेमणुकीची ऑर्डर शब्दन् शब्द वाचा. ‘अध्ययन साहित्य तयार करणे’ असं काही त्यात असेल, तर वजन थोडं कॉलेजकडे झुकेल.

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातले मुद्दे कुणाचेच नाहीत. अर्जाचा नमुना दहा पुस्तकांत सापडतो. पण तासगावच्या बेदाणा सौद्याची बातमी किंवा २०१९च्या महापुरानंतरच्या ग्रामसभेचं इतिवृत्त असे सराव तुम्ही स्वतः रचले असतील, तर ती मांडणी तुमची. निवड आणि मांडणीत थोडी तरी सर्जकता दिसली की संरक्षण मिळतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २००७ साली ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सांगितलंय.

आणि समजा, हक्क कॉलेजचे ठरले. तरी नाव तुमचंच लागतं. कलम ५७प्रमाणे लेखक म्हणून ओळखलं जाण्याचा हक्क मालकीपासून वेगळा आहे. मालकी दुसऱ्याला दिल्यावरही तो उरतो. मुलांच्या चुका वर्षानुवर्षं तपासून उभं केलेलं काम दुसऱ्याच्या नावानं विकलं जाणं मला फार अन्यायाचं वाटतं. पैशांवर तडजोड करायची झाली तर करा. नावावर करू नका.

आता पुरावा. मूळ फाइल उघडून पुन्हा सेव्ह करू नका, तिच्या तारखा बदलतात. विभागप्रमुखांना पाठवलेला ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅप संदेश जपा, एखाद्या जुन्या विद्यार्थ्याकडची झेरॉक्स मिळवा, पुस्तिका पावतीसह विकत घ्या. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३च्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं, ते वकील करून घेतील. कॉपीराइटची नोंदणी सक्तीची नाही.

मग प्राचार्यांना साधं, सौम्य पत्र द्या : उरलेल्या प्रतींवर आणि पुढच्या आवृत्तीत लेखक म्हणून माझं नाव यावं. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर नोटीस. दावा तुम्ही राहता तिथल्या जिल्हा न्यायालयात, म्हणजे सांगलीतच, लावता येतो. एक मात्र सांगायला हवं. तुम्ही घेतलेले परिच्छेद त्या-त्या विद्यार्थ्यांचे आहेत. त्यांची लेखी संमती नसेल तर आधी ती घ्या, नाहीतर समोरचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवेल.

जूनच्या ऑर्डरबद्दल खोटा दिलासा देणार नाही. मुदतीची नेमणूक संपल्यावर ती पुन्हा द्याच, असं न्यायालयाकडून मिळवणं फार कठीण आहे; तात्पुरत्या नेमणुकीतून नोकरी टिकवण्याचा हक्क मिळत नाही, हे सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा उमादेवी खटल्याचा २००६चा निकाल आडवा येतो. पण सही न केल्याचा राग म्हणून डावलल्याचं दिसलं, तर विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे जाता येईल. धमकी तोंडी दिली असेल तर त्याच दिवशी ईमेल करा : ‘आज आपण मला असं सांगितलंत.’

थकलेल्या मानधनाचा विषय या पत्रात मिसळू नका. मस्टरवरून महिनावार तास काढून वेगळा अर्ज करा, प्रत उच्च शिक्षण सहसंचालकांच्या कोल्हापूर कार्यालयात द्या आणि आवक शिक्क्याची पोच घ्या. प्रत्येक महिन्याचं मानधन देय झाल्यापासून तीन वर्षांपर्यंत त्याचा दावा करता येतो.