सीपॅप नव्याने सुरू करताना झोपण्याच्या स्थितीकडे लक्ष द्या

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास वारंवार थांबण्याच्या आजारात (स्लीप ॲप्नियात) मास्कमधून दाबाने हवा देऊन घशातली वाट उघडी ठेवणारे यंत्र. स्लीप स्टडीच्या, म्हणजे रात्रीच्या झोपेच्या चाचणीच्या, अहवालात एएचआयचा, म्हणजे झोपेत दर तासाला श्वास किती वेळा थांबला किंवा मंदावला याचा, एकच आकडा पाहून थांबू नका. उताणे झोपल्यावरचा आणि कुशीवरचा आकडा बहुधा वेगळा दिलेला असतो, तो डॉक्टरांकडून समजून घ्या. उताणे झोपल्यावर जीभ आणि मऊ टाळू मागे सरकून घशातली वाट अरुंद होते, म्हणून पुष्कळ रुग्णांत उताण्या स्थितीतला आकडा कुशीवरच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक भरतो, आणि कुशीवर पुरणारा यंत्राचा दाब उताणे झोपल्यावर अपुरा पडू शकतो. चाचणीच्या रात्री तुम्ही उताणे झोपलाच नसाल, तर तसे डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशा रात्रीचा कमी आकडा खोटा दिलासा देतो.

मी आधी जुन्या बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू ठेवत असे. त्याने पाठ दुखू लागली, तेव्हा पाठीशी लोड लावला आणि तोच मला मानवला. कुशीवर मास्क उशीला टेकून सरकतो आणि गालाजवळून हवा फुसफुसू लागते. अशा वेळी पट्टे करकचून आवळू नका, त्याने गालावर वळ उठतात आणि गळती बहुधा तशीच राहते. मास्क उशीच्या कडेबाहेर राहील असे डोके ठेवा आणि नळी डोक्यावरून मागे न्या.

कुशीवर बरे वाटते म्हणून यंत्र मात्र स्वतःहून बंद करू नका. तो निर्णय पुन्हा चाचणी करून डॉक्टरांनीच घ्यायचा आहे.