सीईटीच्या गणितानंतर नऊ उत्तरं जुळली नाहीत, आता काय?

सीईटीबद्दल, म्हणजे बारावीनंतर इंजिनिअरिंग वगैरेच्या प्रवेशासाठी असलेल्या राज्याच्या परीक्षेबद्दल, तुमचा प्रश्न असा: "काल सीईटीचा पेपर झाला. बाहेर आल्यावर मित्रांशी गणिताची उत्तरं जुळवली, तर नऊ उत्तरं वेगळी निघाली. जुळवायलाच नको होतं का? रात्रभर झोप नाही."

मी सोलापुरात, अशोक चौकाच्या बाजूला, अकरावी-बारावीचं गणित शिकवतो. क्लासला पूर्व भागातली मुलं जास्त, बऱ्याच जणांच्या घरी तेलुगू. कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाची आई विड्या वळते. सीईटीच्या दिवशी केंद्राबाहेर उन्हात गाड्यांच्या सावलीला थांबलेले पालक आणि त्यांच्यापाशी न जाता आधी एकमेकांकडे धावणारी पोरं, हे दरवर्षी बघतो. "किती आलंय बे तुला?" हा पहिला प्रश्न. मग घोळक्यात तेलुगू सुरू होतं आणि मधेच फक्त 'थीटा', 'रूट थ्री' ऐकू येतं. तेव्हा जुळवू नका असं मी कुणाला सांगत नाही. पहिली 90 मिनिटं भौतिक-रसायन आणि लगेच पुढची 90 मिनिटं गणित, म्हणजे बाहेर पडताना डोक्यात गणितच असतं. ते बोलल्याशिवाय राहवत नाही. बारावी बोर्डाला पुढचे पेपर बाकी असतात, तिथे मात्र मी कडक आहे: एक शब्द बोलायचा नाही.

पण तुम्ही जे जुळवलंत ते नेमकं काय होतं, हे बघा. पेपर पडद्यावर, हातात काही घेऊन आला नाहीत. प्रत्येकाच्या पडद्यावर प्रश्नांचा क्रम वेगळा, त्यामुळे "सतराव्याचं काय आलं" याला अर्थ नाही. मित्र दुसऱ्या शिफ्टचा असेल तर त्याचा पेपरच वेगळा. उरते ती फक्त आठवण, आणि तीन तासांनी थकलेल्या डोक्याची आठवण फसवते.

काही वर्षांपूर्वी माझी एक विद्यार्थिनी अशीच पांढरीफटक होऊन क्लासला आली. वर्गात पहिला येणाऱ्या मुलाशी तिची सहा उत्तरं जुळत नव्हती. दोघांनाही बसवलं, फळ्यावर एकेक प्रश्न आठवेल तसा लिहिला. एक प्रश्न होता ∫ sin x cos x dx. तिचं उत्तर sin²x/2, त्याचं −cos 2x/4. दोघंही आपापल्या उत्तरावर ठाम, आणि दोघंही बरोबर! sin²x = (1 − cos 2x)/2 घाला, दोन्ही उत्तरांत फक्त 1/4 चा फरक राहतो आणि तो शेवटच्या + c या स्थिरांकात जिरतो. पर्यायांत यातलं एकच रूप असतं, पण मुलं बाहेर येतात ती कागदावर काढलेलं उत्तर लक्षात ठेवून. इंटिग्रेशनमध्ये आणि इन्व्हर्स ट्रिगोनोमेट्रीत हे सारखं होतं. उत्तर वेगळं दिसलं की आधी डिफरन्शिएट करून बघायचं, मग रडायचं.

दुसरा प्रश्न तीन नाण्यांचा. तिचं 1/2, त्याचं 3/8. खोदून विचारलं तेव्हा कळलं की तिने "किमान दोन छापे" वाचलं होतं आणि त्याने "नेमके दोन". कुणाचं वाचन खरं, ते त्या दिवशी ठरणं शक्यच नव्हतं. उरलेल्या चारपैकी दोन तिची खरोखर चुकली होती, एक त्याचं चुकलं होतं, आणि एक प्रश्न दोघांनाही धड आठवेना. म्हणजे सहाच्या भीतीतून पक्क्या चुका निघाल्या दोनच. हुशार मुलाचं उत्तर म्हणजे आन्सर की (अधिकृत उत्तरसूची) नव्हे. आणि घोळक्यात चार जणांचं एकच उत्तर आलं तरी ते बरोबर असतंच असं नाही, कारण चौघंही त्याच फसव्या पर्यायाला भुललेले असू शकतात. पेपर काढणारे तो पर्याय मुद्दाम तसा ठेवतात.

समजा, तुमची नऊच्या नऊ चुकलीत. गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण, म्हणजे 18 गुण गेले. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे त्याहून जास्त काही कापलं जात नाही. शिवाय निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो: तुमच्या शिफ्टमधल्या दर 100 जणांपैकी किती जणांचे गुण तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी आहेत. पेपर सगळ्यांनाच लांबलचक गेला असेल, तर 18 गुणांचं वजन वेगळं. घोळक्यातल्या पाच मुलांवरून हा अंदाज येत नाही. त्यांच्याहून मागे राहिलात म्हणजे हजारोंच्या मागे राहिलात, असा हिशेब कृपा करून करू नका.

आता करायचं काय? आज, आठवण ताजी असताना, ते नऊ प्रश्न आठवतील तसे वहीत लिहा. आपण काय उत्तर काढलं आणि कोणत्या पायरीवर शंका होती, तेही लिहा. मित्राचं उत्तर मात्र लिहू नका. मग वही बंद करून झोपा. काही दिवसांत लॉगिनवर तुमची रिस्पॉन्स शीट (तुम्ही निवडलेली उत्तरं) आणि आन्सर की येईल, तेव्हा ती वही शेजारी घेऊन बसा. कीमधलं उत्तर चुकीचं वाटलं तर हरकत घेता येते, पण दर हरकतीला शुल्क असतं आणि मुदत थोडी असते. अशा वेळी तुमची आज लिहिलेली पायरी कामाला येते. आणि तेव्हा त्या मित्रांना जरूर बोलवा. चार डोकी एका प्रश्नावर बसली की हरकत घेण्यासारखी आहे की नाही हे लवकर कळतं, आणि उगाच पैसेही जात नाहीत.

नऊपैकी एखादं गणित अजून छळत असेल तर खाली कमेंटमध्ये लिहा. मी सोडवून देतो.