‘ह्यांना आठवायला गेलं की आधी डायलिसिसचं मशीनच दिसतं’

‘गडावरचे हे डोळ्यांसमोर येतच नाहीत. आणि धाकट्याला तर तो बाबा माहीतच नाही. त्याला मी काय सांगू?’

ठाण्यात वर्तकनगरला राहणाऱ्या, समुपदेशनासाठी आलेल्या एका ताईंचा हा प्रश्न. दीर्घ आजारात माणूस गेलेल्या घरांतून तो जवळपास याच शब्दांत येतो. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

त्यांचे पती कॉलेजपासून सह्याद्रीत भटकलेले. माहुलीचा गड तर घरचाच, आसनगावला उतरून कितीदा तरी केलेला. पुढे मूत्रपिंडं निकामी झाली. ४ वर्षं आठवड्यातून तीनदा, दर वेळी ४ तास डायलिसिस. एका पहाटे हृदय बंद पडलं. ताई आल्या तेव्हा त्याला ८ महिने झाले होते. मुलगी १५ वर्षांची, मुलगा ९ वर्षांचा.

नातेवाइकांचा सल्ला होता, ‘हॉस्पिटलचं सगळं काढून टाक, चांगलं तेवढं आठव.’ मनापासून दिलेला, पण या घरात तो लागू पडत नाही. डायलिसिस सुरू झालं तेव्हा मुलगा जेमतेम ५ वर्षांचा. त्याच्या वाट्याला आलेला बाबा याच ४ वर्षांतला. हॉस्पिटल वगळलं तर त्याच्याकडे उरतं काय? म्हणून ताईंना सांगितलं, रद्दीत निघालेली हॉस्पिटलची ती जाड फाइल टाकू नका, पुढच्या वेळी घेऊन या.

फाइलच्या मध्यावर कोल्हापूरच्या एका डायलिसिस सेंटरसाठी डॉक्टरांनी दिलेलं पत्र निघालं. डायलिसिसवरच्या माणसाला गावाबाहेर जायचं तर बॅग भरून भागत नाही. तिथलं मशीन आधी बुक करावं लागतं. हिपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट, मागच्या काही डायलिसिसचे तक्ते, ड्राय वेट (जादा पाणी काढल्यावरचं वजन), रक्त गोठू नये म्हणून देतात त्या हेपॅरिनचा डोस आणि डॉक्टरांचं पत्र, एवढं पुढे पाठवावं लागतं. एक कागद कमी पडला तर सेंटर नाही म्हणू शकतं. या माणसाने हे सगळं जमवलं होतं, मुलांना पन्हाळा दाखवायला. सोमवारी ठाण्यात डायलिसिस, बुधवारी कोल्हापुरात, मधला मंगळवार गडावर.

ताईंना सहल आठवत होती. पण ‘आजारपणातली सहल’ म्हणून ती त्यांनी बाजूला टाकली होती. चढाईआधी वाट, पाणी, परतीची वेळ ठरवणारा माणूस आणि हे कागद जमवणारा माणूस एकच आहे, हे त्यांना त्या पत्रावरची तारीख बघताना लख्ख दिसलं. गडावरच्या नवऱ्याला शोधायला आजाराच्या अलीकडे जायची गरजच नव्हती.

मुलाचं काम वेगळं निघालं. या वयाच्या मुलाला ‘तुला काय वाटतं?’ विचारलं की तो खांदे उडवतो. ‘बाबा आजारी असताना घरात तुझं काम काय होतं?’ हे विचारून बघा. तो लगेच म्हणाला, ‘थ्रिल बघायचं.’ फिश्चुलावर, म्हणजे सुया टोचण्यासाठी मनगटापाशी जोडलेल्या रक्तवाहिनीवर, बोटं ठेवली की मांजर घुरघुरतं तशी थरथर लागते. ती चालू आहे ना, हे रोज बघावं लागतं. सकाळी उठून तो बाबांच्या हातावर बोटं ठेवायचा आणि ‘चालू!’ म्हणून ओरडायचा.

दुसरं काम पाण्याचं. मूत्रपिंडं पाणी बाहेर टाकत नाहीत, म्हणून ते मोजूनच प्यावं लागतं. निळ्या बाटलीवर मार्करने दर २०० मिलीला रेघ, दिवसाला ५ रेघा. हे सांगता सांगता तो गप्प झाला. गणपतीत बाबांनी मागितला म्हणून त्याने चोरून एक ग्लास जास्त दिला होता. बाबा त्यानेच गेले, असं ८ महिने तो धरून बसला होता.

‘वेड्या, तसं काही नसतं’ म्हणून अशी गाठ सुटत नाही. त्याला फाइलमधला त्या आठवड्याचा तक्ता दाखवला. आधीचं वजन, नंतरचं वजन. वजाबाकी त्यालाच करू दिली. दुसऱ्या दिवशी मशीनने २.४ किलो पाणी काढलं होतं. त्याचा ग्लास २०० ग्रॅमचा, म्हणजे तोही त्यातच निघून गेला. बाबा गेले ते त्यानंतर कितीतरी महिन्यांनी. पुढे त्यांच्या डॉक्टरांनीही १० मिनिटं देऊन हृदयाचं काय झालं ते त्याला साध्या शब्दांत सांगितलं. लहान मुलाला ‘बाबा झोपेत गेले’ एवढंच सांगून सोडू नये. हा मुलगा रात्री दोनदा उठून आई श्वास घेतेय का बघत होता, तो त्यामुळेच.

वस्तूंबद्दल थोडं. फ्रिजच्या दारातली उरलेली इंजेक्शनं आधी हलवा, दूध काढताना रोज तीच दिसतात. ती परत घ्याल का, हे डायलिसिस सेंटरला विचारा. फोनची घाई मात्र करा. प्रीपेड सिम ९० दिवस वापरलं नाही तर नंबर बंद होऊ शकतो, आणि व्हॉट्सॲप साधारण १२० दिवस न वापरलेलं खातं काढून टाकतं. इथे दिरांनी रिचार्ज करून फोन चालू ठेवला होता, म्हणून बाबांच्या आवाजाचे मेसेज टिकले. ते दोन ठिकाणी उतरवून घेतले. माळ्यावरचा चढाईचा रोप मुलाला द्यायचा होता. तो द्यावा, पण भिंतीवर लावायला. नायलॉनचा रोप नुसता पडून राहिला तरी १० वर्षांनंतर चढाईला वापरू नये.

वर्षश्राद्धाच्या सुमारास मित्रांना मुलाला माहुलीवर न्यायचं होतं. त्याने उपवन तलाव म्हटलं, कारण डायलिसिस नसलेल्या दिवशी बाबा त्याला तिथेच फिरायला न्यायचे. मित्र उपवनला आले आणि माहुलीच्या शिडीवरचे किस्से त्यांनी तिथे बाकावर बसून सांगितले.

झोप, जेवण, शाळा महिनोन्‌महिने रुळावर येत नसेल किंवा जगणं नको वाटत असेल, तर थांबू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, २४ तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

मुलीने अजून फाइल उघडलेली नाही. ताईंनी ती तिच्या हाताला लागेल अशा खणात ठेवली आहे आणि तिला काही विचारत नाहीत. बाबांची हेडटॉर्च मात्र तिच्या उशाशी असते. सेल तेवढे काढून ठेवायला सांगितलेत, न वापरता आत राहिले की गळतात.