क्रूझ उशिरा सुटणार असेल तर

प्रश्न : वयस्कर आईला घेऊन आम्ही उद्या क्रूझला निघत आहोत. जहाज दुपारऐवजी रात्री सुटेल, असे कंपनीने आज कळवले. तरीही आधी ठरलेल्या वेळी बंदरावर जाऊन थांबावे का? हातात आलेल्या या वेळेचे काय करावे?

उत्तर : आधीच्या वेळी बंदरावर मुळीच जाऊ नका. धुक्यामुळे, वाऱ्यामुळे किंवा यंत्रातील बिघाडामुळे जहाज बंदरात उशिरा लागले की आधीचे प्रवासी उतरणे, खोल्यांची सफाई, अन्नसाठा भरणे अशी सारीच कामे लांबतात. ती उरकेपर्यंत टर्मिनलमध्ये गर्दीत ताटकळावे लागते आणि त्याचा सर्वाधिक त्रास आईंना होईल. हॉटेलात उतरणार असाल तर खोली उद्या संध्याकाळपर्यंत मिळेल का, हे आजच विचारा. त्यासाठी जादा पैसे मोजावे लागले तरी आईंच्या विश्रांतीसाठी ते जरूर मोजावेत, असे माझे मत आहे. नवी वेळ मात्र काटेकोर पाळा, कारण प्रवाशांची नोंदणी जहाज सुटण्याच्या बरीच आधी बंद होते.

टर्मिनलवर सोपवलेल्या बॅगा खोलीत पोहोचायला काही तास लागतात, त्यामुळे आईंची औषधे, पासपोर्ट आणि रात्रीचे कपडे हातातल्या पिशवीतच ठेवा. जहाजावर चढल्यावर सुरक्षा कवायत, म्हणजे संकटकाळी कुठे जमायचे आणि काय करायचे याचा सराव, आधी उरकून घ्या. 2012 मध्ये कोस्टा कॉन्कॉर्डिया जहाजाला अपघात झाला, तेव्हा नुकतेच चढलेल्या अनेक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. 2015 पासून ती जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे, आणि कितीही उशीर झाला तरी ती टळत नाही.

मोकळ्या वेळेचा खरा उपयोग पुढच्या बंदराच्या नियोजनासाठी करा, कारण गेलेले तास वेग वाढवून भरून निघाले नाहीत तर पहिल्या बंदरातील मुक्काम आखडला जातो, क्वचित ते बंदरच वगळले जाते. त्या बंदरातील सहल जहाजामार्फत घेतली असेल तर तिची वेळ बदलणे किंवा पैसे परत करणे कंपनी पाहते. बाहेरच्या सहल चालकाला मात्र तुम्हालाच कळवावे लागते, आणि विनाशुल्क रद्द करण्याची मुदत उलटण्याआधी, म्हणजे आजच, कळवलेले बरे. प्रवास विमा असल्यास उशिराचे कारण आणि तास नमूद केलेले पत्र क्रूझ कंपनीकडून मागून घ्या. अनेक विमा योजनांत ठरावीक तासांपेक्षा अधिक उशीर झाला तरच भरपाई मिळते आणि त्यासाठी लेखी पुरावा लागतो.