काचेपलीकडची नाकं

"मॅडम, मी खिडकीजवळ बसू का?" आत येताच तो म्हणाला. खुर्ची त्याने स्वतःच मागे ओढली, खिडकी उघडली आणि सॅक मांडीवर घेऊन बसला. तासभर ती त्याने खाली ठेवली नाही. तिच्यात काय आहे ते दुसऱ्या भेटीत कळलं: दोन घडी केलेले शर्ट, वाइप्सचं पाकीट, डिओडरंटचे दोन कॅन आणि एक छोटी वही.

वय सव्वीस, नोकरीला लागून दीड वर्ष. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि त्याची परवानगी घेऊनच लिहिते आहे.) त्याचं म्हणणं एवढंच, की "माझ्या अंगाला घाण वास येतो. सगळ्यांना कळतं, तोंडावर कोणी सांगत नाही." ही काळजी घेऊन खूप जण येतात. बहुतेकांनी आधी त्वचेचे, दातांचे, पोटाचे डॉक्टर केलेले असतात. माझ्यासारख्या समुपदेशकापर्यंत पोचायला काही वर्षं गेलेली असतात.

वहीत नोंदी होत्या. तारीख, वेळ, कोण, काय केलं. 'शेजारच्या टेबलवरची: नाक चोळलं.' 'लिफ्टमधला: खोकला.' 'मीटिंग: सरांनी पंखा वाढवायला सांगितला.' बारीक, नेटक्या अक्षरात सत्तरेक पानं भरली होती. ती चाळताना माझ्या पोटात कालवलं. केवढा एकटा पडला होता हा मुलगा.

त्या दिवशी मी चूक केली. त्याने विचारलं, "तुम्हाला येतोय का वास?" आणि मी सरळ सांगून टाकलं, "अजिबात नाही." त्याचा चेहरा सैल झाला. दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मेसेज आला: "मॅडम, तुम्हाला सर्दी तर नव्हती ना?"

घरीही तेच चाललं होतं. रोज सकाळी तो शर्ट काढून ताईपुढे धरायचा. ती हुंगून "नाही रे" म्हणायची. आधी एकदा, मग तीनतीनदा. पुढे पुढे ती न हुंगताच "नाही" म्हणायला लागली, आणि ते त्याच्या लक्षात आलं. दिलासा हा असा असतो. जितका द्यावा तितका कमी पडतो.

एक गोष्ट मात्र मी आधी पक्की करून घेते. खरोखर वास येत असेल तर तो बाजूला सारायचा नाही. काहींना घामच फार येतो, काहींच्या त्वचेला जंतुसंसर्ग असतो. क्वचित एखाद्याला ट्रायमिथाइलअमिन्युरिया असतो. त्यात एका जनुकातल्या दोषामुळे एक रसायन शरीरात मोडलं जात नाही आणि घामाला, श्वासाला कुजक्या माशासारखा वास येतो. या मुलाच्या तपासण्या झालेल्या होत्या. काही निघालं नव्हतं.

दिवसातून चार वेळा अंघोळ करून त्याने काखा सोलवटून घेतल्या होत्या. "घाम म्हणजे शरीरातली घाण," तो म्हणाला. इथे मी थांबले आणि तो सगळा तास घामावरच घालवला. आपल्या त्वचेत वीस ते चाळीस लाख घर्मग्रंथी असतात. त्यातल्या बहुतेक फक्त खारं पाणी सोडतात, अंग थंड ठेवायला. काखेत, जांघेत आणखी एका जातीच्या ग्रंथी असतात. त्या लहानपणी झोपलेल्या असतात आणि वयात येताना जाग्या होतात. त्यांचा स्राव थोडा दाटसर असतो, पण ताजा असताना त्याला जवळपास वासच नसतो. काखेत राहणारे कोरिनेबॅक्टेरियम, स्टॅफिलोकॉकस होमिनिस असे जिवाणू तो स्राव फोडतात आणि त्यातून हवेत उडणारे छोटे रेणू सुटतात. कशाला बोकडासारखा वास, कशाला कांद्यासारखा. म्हणजे वास घडतो तो कातडीवर, आणि तोही आपल्या भाडेकरूंकडून.

त्याला सगळ्यात आवडली ती कानातल्या मळाची गोष्ट. एबीसीसी११ या जनुकाच्या एका रूपामुळे माणसाच्या कानातला मळ कोरडा, भुरभुरीत होतो आणि त्याच रूपामुळे काखेला वास जवळपास येत नाही. पूर्व आशियात असे लोक खूप आहेत. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "माझा मळ ओला असतो. जगात बहुतेकांचा असाच असतो का?" हो, पूर्व आशिया सोडला तर बहुतेकांचा असाच. दीड वर्षात पहिल्यांदा तो स्वतःला 'बहुतेकांत' धरत होता.

मग त्याने विचारलं, "पण हे असतंच कशाला?" याचं पूर्ण उत्तर अजून कोणाकडे नाही. 1995 साली स्वित्झर्लंडमध्ये क्लाउस वेडेकिंड यांनी पुरुषांना दोन रात्री एकच टी-शर्ट घालायला दिला आणि मग ते टी-शर्ट स्त्रियांना हुंगायला दिले. आपल्यापेक्षा वेगळी प्रतिकारशक्तीची जनुकं असलेल्यांचा वास त्यांना जास्त बरा वाटला. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्यांचं मात्र उलट झालं. पुढच्या प्रयोगांत निष्कर्ष कधी जुळले, कधी नाही. फेरोमोन, म्हणजे आपल्याच जातीच्या दुसऱ्या प्राण्याला खूण देणारं अंगातून सुटणारं रसायन, हा शब्द 1959 चा, पण माणसात असा एकही रेणू आजवर पक्का सिद्ध झालेला नाही; तो बाटलीत भरून विकणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. बाळाचं मात्र ठामपणे सांगता येतं. काही दिवसांचं तान्हं बाळ आईच्या दुधाच्या वासाकडे तोंड वळवतं आणि आईही वासावरून आपलं बाळ ओळखते. अंगाचा वास ही ओळख आहे, असं माझं मत झालं आहे.

ताईची मुलगी सात महिन्यांची होती. याने तिला एकदाही उचललं नव्हतं.

त्याचं एक म्हणणं मला खोडता येत नव्हतं: "माझा वास मला कळत नाही, लोकांना कळतो." ते अर्धं खरं आहे. सतत येणाऱ्या वासाची नाकाला सवय होते आणि मेंदू तो सोडून देतो. हे अर्धसत्य फार जुन्या काळापासून विकलं गेलंय. 1919 मध्ये अमेरिकेत ओडोरोनो नावाच्या घामरोधकाची जाहिरात नेमकं हेच सांगत होती: तुमच्या काखेला वास येत असेल आणि तुम्हाला पत्ताही नसेल. स्वतःचं नाक बाद झालं की माणूस दुसऱ्यांची नाकं वाचायला लागतो. आणि भीतीने काखेतल्या त्या ग्रंथी जास्त पाझरतात, म्हणजे धास्तीच घामाला बोलावते.

म्हणून आम्ही नाकांवरच काम केलं. एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर काचेची भिंत होती, खाली लोक वाट बघत बसायचे. "वही घे. अर्धा तास एकाच माणसाकडे बघ आणि हात किती वेळा चेहऱ्याला लागतो ते मोज." तो परत आला तेव्हा आकडा होता चौदा. "आणि माझा वास त्यांच्यापर्यंत जाणं शक्यच नव्हतं," तो हळूच म्हणाला. मग मी त्याला ऑस्ट्रेलियातल्या वैद्यकीय विद्यार्थ्यांवरची 2015 ची पाहणी सांगितली: वर्गात बसलेले विद्यार्थी तासाला सरासरी 23 वेळा स्वतःच्या चेहऱ्याला हात लावत होते. हे आधी सांगितलं असतं तर त्याने ते वादात खोडून काढलं असतं. स्वतः मोजलेला आकडा खोडता येत नाही.

एका प्रयोगाने तो बरा झाला नाही. या त्रासाला ऑल्फॅक्टरी रेफरन्स सिंड्रोम म्हणतात. हे नाव 1971 पासून आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सूचीच्या अकराव्या आवृत्तीत तो ओसीडीच्या, म्हणजे तेच विचार आणि त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या आजाराच्या, गटात बसतो. मी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं, औषधं सुरू झाली. अशा माणसाला मी जगण्याबद्दल स्पष्ट विचारते, कारण यात जीव नकोसा होण्यापर्यंत वेळ येते. त्याच्याही मनात ते येऊन गेलं होतं. तुमच्या घरात कोणी असं असेल तर लाजू नका, थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे न्या.

ताईला सांगितलं, आता उत्तर द्यायचं नाही. "वास नाही" असंही म्हणायचं नाही. "हा प्रश्न मी घेणार नाही, चल चहा पिऊ," इतकंच. पहिला आठवडा दोघांनाही जड गेला. एकदा तो तिच्यावर ओरडला, एकदा ती रडली. अंघोळ चारावरून दोनवर आली, मग एकावर. नेहमीची काळजी घ्यायला हरकत नव्हतीच: काखा धुऊन कोरड्या करणं, घामरोधक रात्री कोरड्या त्वचेवर लावणं, पॉलिएस्टरऐवजी सुती शर्ट, कारण पॉलिएस्टर वास जास्त धरून ठेवतं. पण हे एकदाच करायचं, आणि केलं की झालं.

तिसऱ्या महिन्यात त्याने भाचीला उचललं. "तिने मानेत नाक खुपसलं आणि झोपली," तो सांगत होता. "मी पाऊण तास हललो नाही."

परवा तो आला तेव्हा खिडकी बंद होती. तो माझ्यासमोरच्या खुर्चीत बसला, सॅक खाली ठेवली. ऑफिसातलं काहीतरी सांगत असताना मला जोरात शिंक आली. तो थांबला. हात सॅककडे गेला, तिथेच जरा वेळ राहिला. मग त्याने तो मांडीवर ठेवला आणि वाक्य जिथे तुटलं होतं तिथून पुढे बोलायला लागला.