लेक म्हणते वणव्यावर काम करणार, होऊ द्यायचं का?

नमस्कार दादा, पत्र वाचलं. गडचिरोलीला राहता, लेक बारावी सायन्सला, आणि तिला जंगलातल्या आगींवर काम करायचंय म्हणून तुम्हाला टेन्शन, की पोरगी आगीत शिरणार का आणि यात नोकरी तरी कुठंय.

आग विझवणं हा यातला छोटा भाग आहे हो. खरं काम आधीचं, उन्हाळा लागायच्या आत जाळरेषा, म्हणजे आग अडवायला जंगलात मोकळे ठेवलेले पट्टे, साफ करायच्या, त्या पट्ट्यातला पालापाचोळा आपणच लक्ष ठेवून जाळायचा, म्हणजे एप्रिल-मेमध्ये वणवा आला तर तिथं त्याला जळायला काही मिळत नाही. आणि आग आपोआप लागते कुठं, कोणी मोहफुलं दिसावीत म्हणून झाडाखाली पेटवतं, कोणी विडीच्या पानांसाठी तेंदूला नवी पालवी यावी म्हणून, हे तुम्हाला मी काय सांगणार! त्यामुळे गावातल्या माणसांशी बोलता येणं इथं डिग्रीइतकंच लागतं, लेकीला गोंडी येत असेल तर ते तिचं मोठं भांडवल समजा. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनं तर तेंदूपानं तोडणंच बंद केलं आणि बांबूवर कमाई उभी केली, म्हणजे तेंदूसाठी आग लावायचं कारणच उरलं नाही, असलं काही वरून ऑर्डर काढून होत नाही.

बरं, आग म्हणजे वाईटच असंही तिनं डोक्यात घेऊ नये. कधीच पेटू दिलं नाही तर काडीकचरा साठतो, मग एखाद्या वर्षी पेटलं की आवरत नाही. कुठं, कधी, किती जाळायचं यावर जाणकारांतच वाद आहेत, हुशार पोरांना करण्यासारखं काम मला तरी तिथंच दिसतं.

शिक्षण म्हणाल तर अकोल्याच्या कृषी विद्यापीठात नाहीतर दापोलीला बीएस्सी फॉरेस्ट्री, ४ वर्षं, सीईटीवर ॲडमिशन. पुढं देहरादूनला एफआरआयमध्ये, म्हणजे वन संशोधन संस्थेत, एमएस्सी. कॉम्प्युटरची आवड असेल तर रिमोट सेन्सिंग, म्हणजे सॅटेलाइटच्या चित्रांवरून जमिनीचा अभ्यास, ते बघा, फॉरेस्ट सर्व्हे ऑफ इंडिया सॅटेलाइटवरून आग हेरून मोबाईलवर अलर्ट पाठवते, ती लाइन वेगळीच आहे. नोकरी मुख्यतः सरकारी, म्हणजे एमपीएससीतून आरएफओ (वनक्षेत्रपाल) किंवा एसीएफ (सहायक वनसंरक्षक), आणि जागा कधी निघतील याचा भरवसा नाही हे आत्ताच मान्य करा. वनरक्षक भरती बारावीवरच होते, मुलींना ३ किमी धावावं लागतं, तेवढी तयारी आजपासून चालू ठेवायला काय जातंय. आणि ॲडमिशनचा फॉर्म भरताना ॲग्रीचाही ऑप्शन टाकून ठेवा, फॉरेस्ट्रीच्या सीट कमी असतात.